नेटवर्क कार्डाची पोहोच : मेमरीच्या मर्यादांवर ड्रायव्हरांनी काढलेल्या वाटा

नेटवर्क कार्ड संगणकाच्या मेमरीत स्वतः वाचू आणि लिहू शकते. तारेवरून आलेले पॅकेट प्रोसेसरच्या हातून न नेता थेट मेमरीत ठेवायचे आणि काम झाल्यावरच प्रोसेसरला इशारा द्यायचा, या पद्धतीला डीएमए म्हणतात. त्यासाठी कार्डाला मेमरीतल्या जागेचा पत्ता द्यावा लागतो. तो पत्ता मांडण्यासाठी कार्डाकडे मोजकीच बिटे असतात. २४ बिटे असली तर १६ मेगाबाइटपर्यंतची मेमरी त्याच्या आवाक्यात येते, ३० बिटांत १ गिगाबाइटपर्यंतची आणि ३२ बिटांत ४ गिगाबाइटपर्यंतची. संगणकात त्याहून जास्त मेमरी बसवली, तरी पलीकडचा भाग त्या कार्डापुरता नसल्यासारखाच राहतो.

अशा पलीकडच्या जागेचा पत्ता दिला, तर बहुतेक कार्डे काही बोलत नाहीत. पत्त्याची वरची बिटे गळून पडतात, खालची उरतात आणि कार्ड भलत्याच जागी लिहून मोकळे होते. त्या जागी एखाद्या फाइलचा मजकूर असेल, नाही तर ऑपरेटिंग सिस्टिमचा स्वतःचा हिशोब. बिघाड दिसतो दुसरीकडेच, कधी तासाभराने, कधी आठवड्याने. म्हणून कार्डाची पोहोच नेमकी किती आहे हे ओळखून त्याला कायम आवाक्यातल्याच जागा देणे, ही नेटवर्क ड्रायव्हर लिहिणाऱ्यांची पहिली जबाबदारी ठरली. गेल्या चार दशकांत मेमरी वाढत गेली, कार्डे बदलत गेली, आणि ही जबाबदारी पार पाडण्याच्या तऱ्हाही बदलल्या.

सुरुवातीच्या कार्डांची अडचण मात्र वेगळीच होती. पत्ते कमी पडण्याआधी कार्डावरची स्वतःची मेमरीच कमी पडे. झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील प्रयोगशाळेत १९७३ मध्ये जन्मलेले इथरनेट १९८० मध्ये १० मेगाबिट वेगाच्या जाहीर मानकाच्या रूपात आले. १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी बाजारात आला आणि त्यात बसणारी इथरनेट कार्डे लगोलग निघाली. थ्रीकॉमच्या ३सी५०१ या कार्डावर २ किलोबाइटचा एकच बफर होता. जाणारे आणि येणारे पॅकेट दोन्ही त्याच जागेत. ड्रायव्हर त्यात पाठवायचे पॅकेट भरत असेल, तर त्या वेळी तारेवरून आलेले पॅकेट हुकलेच. लागोपाठ दोन पॅकेटे आली तर दुसरे गेले. लिनक्समध्ये पुढे या कार्डाचा ड्रायव्हर लिहिला गेला, तेव्हा त्यातच हे कार्ड विकत घेऊ नये असा सल्ला लिहून ठेवावा लागला. काही मर्यादांवर सॉफ्टवेअरकडे उत्तर नसते, हे या कार्डाने लवकर दाखवून दिले.

मुंबईत त्याच काळात जाळ्याचे काम याहूनही तुटपुंज्या मेमरीवर चालू होते. जुहूचे एनसीएसटी, म्हणजे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून निघून १९८५ मध्ये स्वतंत्र झाले. १९८६ मध्ये सुरू झालेल्या एर्नेट प्रकल्पात एनसीएसटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि पाच आयआयटी एकत्र आल्या. पवईची आयआयटी त्यांतलीच एक. सुरुवातीची जोडणी टेलिफोन लाइन आणि मोडेमवर होती. पीसीत मोडेमशी बोलणारी ८२५० ही चिप आलेला एकच बाइट धरून ठेवू शके. ९६०० बिट वेगाला साधारण दर १ मिलिसेकंदाला एक बाइट येतो. तेवढ्यात आधीचा बाइट उचलला नाही, तर नवा त्याच्यावर येऊन बसे. पुढच्या १६५५० या चिपमध्ये १६ बाइटांची रांग आली आणि ड्रायव्हरला श्वास घ्यायला वेळ मिळाला. त्या रांगेच्या सोळा बाइटांचे मोल सुमारे सोळा मिलिसेकंदांच्या उसंतीत होते.

इथरनेट कार्डांत ही उसंत नॉव्हेलच्या एनई२००० या कार्डाने दिली. त्याच्यावर १६ किलोबाइट मेमरी होती आणि नॅशनल सेमीकंडक्टरची ८३९० ही चिप तिचे २५६ बाइटांचे ६४ कप्पे करून व्यवहार पाही. लिनक्सच्या ड्रायव्हरने त्यांतले १२ कप्पे पाठवण्यासाठी राखले, म्हणजे दोन मोठी पॅकेटे एका वेळी भरून ठेवता येत. उरलेले ५२ कप्पे येणाऱ्या पॅकेटांसाठी चक्राकार वापरले जात. पूर्ण लांबीच्या इथरनेट पॅकेटला सहा कप्पे लागतात, म्हणून त्या चक्रात अशी आठ पॅकेटे मावत. १० मेगाबिट वेगाला एक पूर्ण पॅकेट यायला सुमारे १.२ मिलिसेकंद लागतात. हिशोब मांडला तर तार भरून वाहत असताना प्रोसेसरला जेमतेम १० मिलिसेकंदांची सवड मिळते. तेवढ्यात तो फिरकला नाही तर चक्र भरले. भरलेल्या चक्रातून बाहेर यायलाही विधी होता. चिप थांबवायची, चालू पॅकेट संपेपर्यंत १.६ मिलिसेकंद वाट पाहायची, चक्र रिकामे करायचे आणि मग पुन्हा सुरू करायची. हा क्रम चुकवणारे ड्रायव्हर गर्दीच्या जाळ्यावर गोठून जात.

एनई२००० ची खरी हुशारी त्याने टाळलेल्या गोष्टीत होती. ते संगणकाच्या मेमरीला हातच लावत नसे. प्रोसेसरच एका ठरावीक पोर्टवरून दोन-दोन बाइट उचलून नेई. वेस्टर्न डिजिटलच्या कार्डांनी वेगळी वाट धरली. ६४० किलोबाइट आणि १ मेगाबाइट यांच्यामधल्या मोकळ्या पट्ट्यात ती आपली ८ किंवा १६ किलोबाइट मेमरी थेट दाखवत. दोन्ही तऱ्हा हळू होत्या, प्रोसेसरला राबवणाऱ्या होत्या, पण संगणकात कितीही मेमरी बसवली तरी त्या बिघडत नसत.

स्वतः मेमरीत जाणाऱ्या कार्डांपुढे मात्र पत्त्याचा प्रश्न उभा राहिला. पहिल्या पीसीतला डीएमए नियंत्रक, इंटेलचा ८२३७, फक्त १६ बिटांत मोजे. वरची चार बिटे वेगळ्या रजिस्टरमध्ये धरलेली असत आणि मोजता मोजता ती बदलत नसत. त्यामुळे ६४ किलोबाइटची सीमा ओलांडणारा बफर चालत नसे. सीमेपाशी पोहोचलेला नियंत्रक त्याच पट्ट्याच्या सुरुवातीला परत जाई. १९८४ च्या पीसी-एटीमध्ये पत्त्याच्या तारा २४ झाल्या. कार्डांना मेमरीशी जोडणाऱ्या, पुढे आयसा म्हणून ओळखल्या गेलेल्या या बसची पोहोच १६ मेगाबाइट ठरली, आणि त्या काळी कोणाच्याच पीसीत इतकी मेमरी नव्हती. दुसऱ्याच वर्षी ३८६ हा प्रोसेसर ४ गिगाबाइटपर्यंतचे पत्ते घेऊन आला. प्रोसेसरची पोहोच बसच्या पुढे गेली ती तेव्हा, आणि त्याचे परिणाम दिसायला दहा वर्षे लागली.

ते दिसले ते एएमडीच्या लान्स चिपच्या कार्डांवर. ही कार्डे बसचा ताबा घेऊन मेमरीत स्वतः जात. लिनक्ससाठी त्यांचा ड्रायव्हर डोनाल्ड बेकर यांनी १९९३ पासून लिहिला. नासाच्या गॉडार्ड केंद्राशी जोडलेल्या संस्थेत काम करताना त्यांनी डझनावारी नेटवर्क कार्डांचे ड्रायव्हर लिहिले, आणि तिथेच १९९४ मध्ये साध्या पीसींना जोडून बेओवुल्फ हा संगणकसमूह उभा राहिला. बेकर यांच्या ड्रायव्हरमध्ये पाठवण्याच्या १६ आणि घेण्याच्या १६ जागांची रांग आहे. ड्रायव्हर चालू होताना आधी एक गोष्ट तपासतो : यंत्रात १६ मेगाबाइटच्या वर मेमरी आहे का? नसेल तर काहीच करायचे नाही. असेल तर खालच्या भागात १६ जादा बफर राखून ठेवायचे. पुढे प्रत्येक पॅकेट पाठवताना त्याचा शेवट १६ मेगाबाइटच्या रेषेपलीकडे जातो का ते पाहायचे. जात असेल तर ते पॅकेट त्या राखीव बफरमध्ये उतरवून घ्यायचे आणि कार्डाला त्या बफरचा पत्ता द्यायचा. याला बाउन्स बफर म्हणतात.

नेरळ, पोशीर, कर्जत, खोपोली या पट्ट्यातल्या वाचकाला ही युक्ती रेल्वेच्या इतिहासातून ओळखीची वाटेल. १८५६ मध्ये पळसदरीहून खोपोलीपर्यंत रूळ आले आणि १८५८ मध्ये खंडाळ्याहून पुण्याला गाडी सुरू झाली, पण मधला बोरघाट रुळांना १८६३ पर्यंत खुला नव्हता. तोवर पुण्याकडे जाणारा माल आणि माणसे खोपोलीला उतरत, घाट दुसऱ्या वाहनाने चढत आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसत. बाउन्स बफर म्हणजे हीच उतारपेठ. पोहोचण्याची खात्री मिळते, मोबदल्यात एक चढउतार पदरी पडतो.

बेकर यांच्या ड्रायव्हरमधला एक बारकावा या साऱ्या इतिहासाला लागू पडतो. घेण्याच्या बाजूला अशी उतारपेठ लागतच नाही. येणारे पॅकेट कुठे उतरवायचे हे ड्रायव्हर आधीच ठरवतो, म्हणून तो त्या जागा सुरुवातीपासून खालच्या मेमरीतच मागून घेतो. पाठवण्याच्या बाजूला तशी मुभा नाही. पाठवायचा मजकूर एखाद्या प्रोग्रॅमने जिथे तयार केला तिथेच पडलेला असतो, आणि ती जागा कार्डाच्या आवाक्यात असेलच असे नाही. नक्कल करावी लागते ती इथे. पुढच्या जवळजवळ प्रत्येक ड्रायव्हरमध्ये ही विषमता दिसते, आणि मेमरीच्या मर्यादेमुळे आलेला बिघाड शोधताना आधी पाठवण्याची वाट तपासावी, ही रीत तिच्यातूनच येते.

खालची मेमरी मागून घेता यावी म्हणून लिनक्सने मेमरीचे विभागच पाडले. १६ मेगाबाइटखालचा विभाग डीएमएसाठी, त्याच्यावर ८९६ मेगाबाइटपर्यंतचा नेहमीचा, आणि ३२ बिटांच्या यंत्रांवर त्याच्याही वरचा उच्च विभाग. डीएमए विभाग छोटा होता आणि साउंड कार्डापासून फ्लॉपीपर्यंत सगळ्यांचा त्यावर हक्क. तो संपला की ड्रायव्हरला नकार मिळे, आणि बरेच दिवस चाललेल्या यंत्रात मोकळी जागा असूनही ती सलग नसे.

१९९२ मध्ये आलेल्या पीसीआय बसने ३२ बिटांचे पत्ते दिले आणि काही वर्षे हा प्रश्न मिटल्यासारखा झाला. मिटला तो पोहोचीचा. चिप बनवणाऱ्यांनी खर्च वाचवण्यासाठी नव्या अटी घातल्या. रिअलटेकची ८१३९ ही स्वस्त चिप भारतात जुळवून विकल्या जाणाऱ्या असंख्य संगणकांत होती. पाठवायचे पॅकेट चार बाइटांच्या हद्दीवरच सुरू व्हायला हवे, ही तिची अट. इथरनेटचा मथळा १४ बाइटांचा असल्यामुळे लिनक्समधली पॅकेटे बहुधा त्या हद्दीवर नसतात. शिवाय पाठवण्यासाठी तिच्याकडे फक्त चार जागा, आणि येणारी सगळी पॅकेटे एकाच सलग बफरमध्ये एकामागून एक. जेफ गार्झिक यांनी बेकर यांच्या कामावर रचलेल्या ड्रायव्हरने पाठवण्यासाठी १,५३६ बाइटांचे चार बफर कायमचे राखले आणि प्रत्येक पॅकेट त्यात उतरवून घेतले. नक्कल करताना त्याच फेरीत पॅकेटची बेरीज-तपासणीही उरकायची, म्हणजे एकदा वाचलेल्या बाइटांना पुन्हा हात लावावा लागत नाही. येणाऱ्या बाजूला ३२ किलोबाइटचे चक्र होते. पॅकेट चक्राच्या टोकाला तुटू नये म्हणून त्याच्यामागे आणखी २ किलोबाइट जोडलेले असत. चिप टोक ओलांडून तिथे लिही आणि ड्रायव्हर पॅकेट अखंड उचले.

या नक्कलबाजीला जाणकारांनी नावे ठेवली आणि चिपच्या बाबतीत ती रास्तही होती. पण नक्कल नेहमीच तोट्याची नसते. बेकर यांच्या अनेक ड्रायव्हरांत २०० बाइटांची एक मर्यादा होती : त्याहून लहान पॅकेट आले तर ते छोट्या जागेत उतरवायचे आणि मोठा बफर लगेच कार्डाला परत द्यायचा. साठ बाइटांच्या पोचपावतीसाठी दीड हजार बाइटांची जागा अडकवून ठेवण्यापेक्षा साठ बाइटांची नक्कल केव्हाही स्वस्त. मेमरी वाचवण्याचा हा हिशोब कार्डांच्या पोहोचीशी संबंधित नसूनही त्याच कारागिरीचा भाग आहे.

दरम्यान मेमरी पुन्हा पुढे निघाली. १९९५ च्या पेंटियम प्रो या प्रोसेसरने ३६ बिटांचे, म्हणजे ६४ गिगाबाइटपर्यंतचे पत्ते आणले, आणि जानेवारी २००१ मध्ये आलेल्या लिनक्स २.४ ने तेवढी मेमरी वापरायची सोय केली. पीसीआय कार्डांची पोहोच ४ गिगाबाइटवरच थांबलेली. त्याआधी प्रत्येक ड्रायव्हर प्रोसेसरचा पत्ता आणि बसचा पत्ता एकच आहे असे गृहीत धरून सरळ आकडा कार्डाला देई. डेकची अल्फा आणि सनची स्पार्क यंत्रे या गृहीतकाला आधीच अपवाद होती, कारण तिथे कार्ड आणि मेमरी यांच्यामध्ये पत्ते बदलून देणारा वेगळा भाग होता. तेव्हा डेव्हिड मिलर, रिचर्ड हेंडरसन आणि याकुब येलिनेक यांनी दस्तऐवजात मांडलेली डीएमएची नवी शिस्त लिनक्सने स्वीकारली. ड्रायव्हरने एकदा सांगायचे की कार्डाची पोहोच इतक्या बिटांची आहे. मग प्रत्येक बफर कर्नलकडे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडे, सोपवायचा आणि कर्नल देईल तो पत्ता कार्डाला द्यायचा; काम संपले की बफर परत घ्यायचा. नक्कल लागेल की पत्ता बदलून मिळेल की दोन्हीची गरज नसेल, हे ठरवणे ड्रायव्हरच्या हातून गेले. साऱ्या घडामोडींत सर्वांत मोठे वळण हेच म्हणावे लागेल, कारण शेकडो ड्रायव्हरांत विखुरलेली, प्रत्येकी थोडी निराळी चुकलेली युक्ती त्यामुळे एका जागी आली.

ती जागा होती सॉफ्टवेअर आयओ-टीएलबी. इटॅनियम प्रोसेसरसाठी २००० च्या सुमारास असित मलिक, गौतम राव आणि डेव्हिड मोसबर्गर यांनी तो लिहिला. कर्नल सुरू होतानाच खालच्या मेमरीत एक सलग पट्टा राखून ठेवतो, पीसीवर सहसा ६४ मेगाबाइटचा, आणि त्याचे २ किलोबाइटचे तुकडे करतो. आवाक्याबाहेरचा बफर आला की त्याची नक्कल या तुकड्यांत होते, आणि एका वेळी सलग २५६ किलोबाइटपर्यंतच जागा मिळते. एएमडीच्या ६४ बिटी प्रोसेसरांत पत्ते बदलून देणारा भाग ग्राफिक्ससाठी आधीच होता, तो या कामी लावला गेला. इंटेलच्या २००४ च्या ६४ बिटी झिऑनमध्ये तो नव्हता, म्हणून इटॅनियमसाठी लिहिलेली ही सोय पीसीवर आली. पट्टा भरला की कर्नलच्या नोंदीत तसा इशारा येतो आणि पॅकेट पाठवता येत नाही. सर्व्हर सांभाळणाऱ्या अनेकांना या यंत्रणेची ओळख त्या इशाऱ्यातूनच झाली.

या नव्या शिस्तीचीही परीक्षा पाहणारी चिप ब्रॉडकॉमची ४४०१ होती. २००२ नंतरच्या अनेक लॅपटॉपांत ती होती आणि लिनक्समधला तिचा ड्रायव्हर बी४४ या नावाने ओळखला जातो. तो मुळात डेव्हिड मिलर यांनीच लिहिला. या चिपची पोहोच ३२ नव्हे तर ३० बिटांची, म्हणजे १ गिगाबाइट. कारण चिपच्या पोटात आहे. तिचे भाग एका अंतर्गत बसवर जोडलेले असून पत्त्याची वरची दोन बिटे त्या बसवरून पीसीआयकडे जाणारी खिडकी निवडण्यात खर्ची पडतात. ब्रॉडकॉमच्या त्या पिढीच्या वायरलेस चिपांनाही हीच अट होती.

३२ बिटांच्या लिनक्सवर ही उणीव वर्षानुवर्षे झाकलेली राहिली. तिथे पॅकेटांच्या जागा ८९६ मेगाबाइटखालच्या नेहमीच्या विभागातून येत, आणि १ गिगाबाइट त्याच्या वरच आहे. त्याच लॅपटॉपवर २ गिगाबाइट मेमरी टाकून ६४ बिटी कर्नल बसवला की पॅकेटे कुठेही पडू लागत आणि ड्रायव्हर अडखळे. उपाय करायला गेल्यावर आणखी एक पेच समोर आला. १ गिगाबाइटखालची जागा हवी, अशी मागणी करायला कर्नलमध्ये विभागच नव्हता. ४ गिगाबाइटखालचा विभाग २००५-०६ च्या सुमारास वेगळा केला गेला होता, तो इथे मोठा पडे. मग उरला तो जुना १६ मेगाबाइटचा डीएमए विभाग. बी४४ आधी साधी जागा घेऊन पाहतो. तिचा पत्ता ३० बिटांत बसला तर उत्तम, नाही तर ती सोडून १६ मेगाबाइटखालून मागतो. घेण्याच्या जागा अशा रीतीने आधीच बदलून मिळतात. पाठवताना तिथे नवा बफर घेऊन नक्कल केली जाते, आणि तोही मिळाला नाही तर पॅकेट जात नाही. हजार मेगाबाइटांपर्यंत पोहोचणाऱ्या चिपने १९८४ च्या बसच्या सोळा मेगाबाइटांत दाटीवाटीने राहावे, ही स्थिती कोणाच्याही निष्काळजीपणातून आली नव्हती. विभाग पाडताना कोणाच्याही डोळ्यांपुढे ३० बिटांचे कार्ड नव्हते, एवढेच.

जुनी मर्यादा नव्या चिपमध्ये उगवण्याचे आणखी एक उदाहरण इंटेलच्या गिगाबिट कार्डांचे. ८२५४५ आणि ८२५४६ यांच्या पहिल्या आवृत्त्यांत एक दोष होता : त्यांनी लिहायचा बफर ६४ किलोबाइटची सीमा ओलांडता कामा नये. म्हणजे १९८१ च्या डीएमए नियंत्रकाचीच अट वीस वर्षांनी परतली. ई१००० ड्रायव्हरमधला त्यावरचा उपाय सुंदर आहे. पॅकेटांचे पत्ते ठेवणाऱ्या नोंदींच्या रांगेसाठी मिळालेली जागा सीमा ओलांडत असेल, तर ड्रायव्हर ती लगेच परत करत नाही. परत केली तर कर्नल पुन्हा तीच हातात ठेवण्याची भीती. ती धरून ठेवून तो दुसरी मागतो, दुसरी नीट असेल तर पहिली सोडतो, आणि तीही वाईट निघाली तर दोन्ही सोडून हार मानतो.

याच ड्रायव्हरने मोठ्या पॅकेटांचे दुखणेही उघडे केले. ९,००० बाइटांचे जम्बो पॅकेट घ्यायचे तर चिपला दोनाच्या घातातलाच आकार कळे, म्हणून १६ किलोबाइटचा बफर लागे. त्यात कर्नलची स्वतःची भर पडली की मागणी ३२ किलोबाइट सलग जागेवर जाई, म्हणजे ४ किलोबाइटची आठ पाने एकाशेजारी एक. ताज्या सुरू केलेल्या यंत्रात ती मिळतात, महिनाभर चाललेल्या यंत्रात मिळतीलच असे नाही. पुढे एकच पॅकेट अनेक सुट्या पानांवर पसरून घेणारी कार्डे आली आणि ही मागणी थांबली.

पुण्यात कार्डांचा हा प्रश्न दोन अंगांनी हाताळला गेला, संशोधन संस्थेत आणि खाजगी उद्योगात. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० हा ट्रान्सप्युटरांवरचा समांतर महासंगणक उभा केला. ट्रान्सप्युटरमध्ये शेजाऱ्याशी बोलणाऱ्या चार जोडण्या चिपवरच होत्या आणि प्रत्येक जोडणी मेमरीत स्वतः जाई, त्यामुळे वेगळ्या कार्डाचा प्रश्नच नव्हता. १९९८ च्या परम १०००० मध्ये सनचे सर्व्हर आले आणि त्यांना जोडण्यासाठी सी-डॅकने परमनेट हे स्वतःचे जाळे बनवले. परम पद्मसाठी परमनेट-२ आले. त्याचे कार्ड, त्यावरची संवाद-चिप आणि स्विच हे सगळे संस्थेतच घडवलेले, वेग २.५ गिगाबिट. बंगळूरला बसवलेला परम पद्म जून २००३ च्या जागतिक यादीत १७१ व्या क्रमांकावर होता.

महासंगणकाच्या जाळ्यात नकलेला जागा नसते, कारण तिथे वेळ मायक्रोसेकंदांत मोजतात. म्हणून अशा जाळ्यांनी प्रोग्रॅमचीच मेमरी कार्डाला दाखवण्याची पद्धत घेतली. प्रोग्रॅम आपला बफर आधी नोंदवतो, कर्नल ती पाने जागेवरून हलू नयेत म्हणून खिळवतो, आणि मग कार्ड कर्नलला मध्ये न घेता तिथे ये-जा करते. मर्यादा इथेही सुटत नाही, तिचे रूप बदलते. किती पाने खिळवायची यालाही हद्द असते, आणि त्या पानांचे पत्ते कार्डाला कुठे तरी लिहून ठेवावे लागतात.

दुसरे अंग होते खाजगी उद्योगाचे. नेटझेन ही कंपनी कॅलिफोर्नियाची, पण तिचे विकासकेंद्र पुण्यात होते. तिच्या १० गिगाबिट कार्डांचा लिनक्स ड्रायव्हर २००६ मध्ये अमित काळे यांनी कर्नलसाठी सादर केला. केजीडीबी या कर्नल डीबगरमुळे त्यांचे नाव लिनक्सच्या जगात आधीच परिचित होते. या ड्रायव्हरमध्ये पोहोचीचा प्रश्न मोकळेपणाने लिहिलेला आहे. कार्डाच्या पी२ पिढीला पॅकेटांसाठी ३५ बिटे, म्हणजे ३२ गिगाबाइटपर्यंतची मेमरी दिसते. नोंदींची रांग मात्र ३२ बिटांतच, ४ गिगाबाइटखाली ठेवावी लागते. इटॅनियम यंत्रांवर पॅकेटांनाही ३२ बिटेच दिलेली आहेत. पी३ पिढीत दोन्हींसाठी ३९ बिटे आली, म्हणजे ५१२ गिगाबाइट.

पुढे त्यात आणखी एक पायरी जोडली गेली. सुरू झाल्यावर ड्रायव्हर कार्डावरच्या फर्मवेअरला विचारतो की तुझी पोहोच ३२ बिटांच्या वर किती आहे. उत्तर जास्तीचे आले तर तो कर्नलला तसे कळवतो आणि कर्नलने नाकारले तर आधीच्या आकड्यावर परत येतो. पोहोच चिप बनताना कायमची ठरत असे. इथे ती सॉफ्टवेअर नवे आले की वाढू शकणारी झाली. नेटझेन २००९ मध्ये क्यूलॉजिकने विकत घेतली आणि ड्रायव्हर त्या कंपनीच्या नावाखाली कर्नलमध्ये राहिला.

२००६ नंतर पीसीच्या जगातही पत्ते बदलून देणारा हार्डवेअरचा भाग, आयओएमएमयू, सर्व्हरांत रुळला. कार्डाला खालचा पत्ता दाखवायचा आणि प्रत्यक्षात वरची मेमरी द्यायची, हे त्यामुळे नकलेशिवाय साधते. भाषांतराच्या तक्त्याचा खर्च आहे, पण पॅकेट जिथल्या तिथे राहते. याचा दुसरा लाभ सुरक्षेचा : न दिलेल्या जागी कार्ड लिहू पाहील तर त्याला अडवले जाते. सुरुवातीला सांगितलेला निःशब्द बिघाड अशा यंत्रांवर नोंदीसकट पकडला जातो.

छोट्या यंत्रांत मात्र हा भाग बहुधा नसतो. २०१९ च्या रास्पबेरी पाय ४ मध्ये ४ गिगाबाइटपर्यंत मेमरी मिळत होती, तर त्यातल्या काही जुन्या घटकांची पोहोच १ गिगाबाइटच राहिली. त्यासाठी लिनक्स ५.५ मध्ये ६४ बिटी आर्मवर १ गिगाबाइटचा डीएमए विभाग घातला गेला, बी४४ ला जो हवा होता नेमका तसा. त्याच सुमारास जुन्या पॉवरपीसी मॅकवरील ब्रॉडकॉमच्या वायरलेस चिपांसाठीही तीस बिटांचा विभाग आला.

आजच्या सर्व्हर कार्डांची पोहोच पूर्ण ६४ बिटांची असते, तरी बाउन्स बफर संपलेले नाहीत. एएमडीच्या एसईव्हीसारख्या तंत्रात आभासी यंत्राची सारी मेमरी सांकेतिक केलेली असते आणि यजमान यंत्राला किंवा त्याच्या कार्डाला ती वाचता येत नाही. पॅकेट बाहेर जायचे तर ते आधी उघड्या मेमरीत उतरवावे लागते, आणि ते काम इटॅनियमसाठी लिहिलेली तीच यंत्रणा करते. अशा यंत्रांत प्रत्येक पॅकेट उतारपेठेतून जात असल्यामुळे ६४ मेगाबाइटचा पट्टा अपुरा पडू लागला. म्हणून लिनक्स ५.११ पासून तो आभासी यंत्राच्या मेमरीच्या ६ टक्के इतका धरला जातो, कमीत कमी ६४ मेगाबाइट आणि जास्तीत जास्त १ गिगाबाइट.